घरी सांगितलंय मुक्तिनाथची टूर, आणि जायचंय एकटीनं थोरोंग ला ओलांडून

*ताई, मी ४४ वर्षांची, पुण्यात बँकेत नोकरी. लेक बारावी होऊन बाहेरगावी शिकायला गेली. दर रविवारी सिंहगड करते, सह्याद्रीत बरंच फिरलेय पण नेहमी ग्रुपबरोबर. नेपाळमधला अन्नपूर्णा सर्किट ट्रेक एकटीनं करायचं कधीपासून डोक्यात आहे. ऑक्टोबरअखेर १२ दिवसांची रजा मंजूर झालीय, मधे तिलिचो लेकपण करायचाय. यांना विचारलं तर नाहीच म्हणणार, म्हणून घरी सांगितलंय की बायकांच्या टूरबरोबर मुक्तिनाथला चाललेय, सासूबाई मागे जाऊन आल्या तशीच. शेवटी मी उतरणार मुक्तिनाथलाच ना, तिथला फोटो पाठवला की झालं. एवढं एक खोटं चालेल का? आणि मला जमेल का? बीपीची छोटी गोळी चालू आहे, बाकी एकदम फिट. – एक वाचक, पुणे*

अगं, पहिल्यांदा हे सांगते की तू जावंस असंच मला वाटतं. पोरगी मार्गी लागली, स्वतःचा पगार आहे, पाय चालतायत आणि इतकी वर्षं मनात धरलेली गोष्ट आहे, तर यात गैर काहीच नाही आणि कुणाला कारण द्यायचीही गरज नाही. पण तू जो प्लॅन लिहिलायस तो तसाच घेऊन गेलीस तर मला झोप लागणार नाही, आणि त्यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट खिंड नाहीये, घरी सांगितलेली ती मुक्तिनाथची गोष्ट आहे.

खोटं बोलणं पाप वगैरे त्यात मी जातच नाही. साधा नकाशा बघ. सासूबाई गेल्या त्या पोखऱ्याहून जोमसोमच्या बाजूनं, गाडीनं. तू जाणार बेसीसहरहून चामे, पिसांग, मनांग करत, म्हणजे डोंगराच्या पार पलीकडच्या बाजूनं, आणि या दोन बाजूंच्या मधे थोरोंग ला ही ५,४१६ मीटरची खिंड आहे. आता समज मनांगच्या वर, याक खर्काला तुला बरं वाटेनासं झालं किंवा पाय मुरगळला आणि दोन दिवस तुझा फोन लागला नाही, तिथे वरती रेंज जाते-येते हे तुलाही माहितीये, तर नवरा काय करेल? आधी टूरवाल्याचा नंबर शोधेल, जो नाहीच. मग जोमसोमची हॉटेलं, मुक्तिनाथची हॉटेलं, पोलीस चौकी, सगळीकडे फोन करेल आणि सगळे खरंच सांगतील की अशी कुणी बाई इथे आली नाही. तू डोंगराच्या एका अंगाला आणि शोध दुसऱ्या अंगाला. एकट्यानं फिरणारी माणसं सुखरूप परत येतात ती बऱ्याचदा यामुळे की कुणाला तरी त्यांची वाट आणि तारीख माहीत असते, आणि तू नेमकं तेच काढून टाकलंयस. इन्शुरन्सच्या फॉर्मवर इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून कुणाचं नाव घालणार होतीस तेपण एकदा स्वतःला विचार.

२०१४ च्या ऑक्टोबरमधे, ऐन सीझनला, हुडहुड चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोन दिवसांनी त्याचा उरलेला जोर या भागात बर्फ होऊन पडला. अन्नपूर्णा-धौलागिरी पट्ट्यात मिळून ४० च्या वर माणसं गेली, त्यातली बरीच थोरोंग लाच्या आसपास. स्थानिक लोक होते, गाईड होते, परदेशी होते, आणि घरोघरी माणसं दिवसेंदिवस फक्त एवढंच विचारत होती की आमचं माणूस नक्की कुठे आहे. तुला घाबरवायला सांगत नाहीये. ऑक्टोबर चांगलाच महिना आहे, पण तिथला डोंगर उघडा आहे, मनांगच्या वर झाडं संपतात, आडोसा म्हणजे लॉज तेवढे, आणि हवा फिरली की त्या दोन लॉजच्या मधे तू आणि वारा एवढंच उरतं.

आता रजेचं बघू, कारण १२ दिवसांचं गणित मी मांडून बघितलं. पुण्याहून काठमांडू एक दिवस. काठमांडू ते बेसीसहर दुसरा. जीपनं चामे तिसरा. मग अप्पर पिसांग, मनांग, मनांगला एक दिवस मुक्काम वाढवून, मग याक खर्का, थोरोंग फेदी, नवव्या दिवशी खिंड ओलांडून मुक्तिनाथ, दहाव्याला पोखरा, अकराव्याला काठमांडू, बाराव्याला घर. बसतंय, पण एकही दिवस जादा नाही आणि यात तिलिचो नाहीच. तिलिचो घातलास की किमान तीन दिवस वाढतात, आणि ते तीन दिवस तू कुठून काढशील तर मनांगच्या मुक्कामातून, फेदीच्या आधीच्या रात्रीतून, म्हणजे जिथून काढायचे नाहीत नेमके तिथूनच. शिवाय तिलिचो बेसकॅम्पच्या अलीकडे जी घसरड आहे ना, अख्खा उतार सुट्या दगडमातीचा, त्यातून पाऊलभर वाट आडवी जाते आणि दुपारचा वारा सुटला की वरून दगड यायला लागतात, तिथे घाईत असलेलं एकटं माणूस मला अजिबात नको. तिलिचो काढून टाक. नाहीतर १६ दिवसांची रजा घे, बँकेत वर्षाखेर नाहीये ती, मिळेल.

सिंहगडाबद्दल. दम आणि गुडघे यासाठी तो उत्तमच, खिंडीनंतर मुक्तिनाथपर्यंत सोळाशे मीटरपेक्षा जास्त एका दमात उतरायचंय तेव्हा आठवण येईल त्याची. पण उंचीचा सराव सह्याद्रीत होत नाही. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, आणि तू जीपमधून उतरणार ते चामेच त्याच्या हजार मीटर वर आहे. फिट माणसांना उंची जास्त फसवते कारण पाय चालत राहतात आणि ती पुढे जात राहतात. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही हा साधा नियम आहे, आणि मनांगचा जादा दिवस म्हणजे आराम नाही, त्या दिवशी वर चढून जायचं आणि झोपायला खाली यायचं. मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं आरोग्यकेंद्र आहे, सीझनला तिथे दुपारी डॉक्टर उंचीच्या आजारावर बोलतात. त्या दिवशी बाकी काही चुकलं तरी चालेल, तिथे जाऊन बस आणि बीपीचं सांगून काय विचारायचं ते विचार.

निघायच्या आधी मात्र इथल्या डॉक्टरला भेटच. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या आजारासाठीची गोळी, घ्यायची का, बीपीच्या गोळीबरोबर चालते का, सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का, हे व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवायचं नाही. आणि अजून एक, हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते: मुक्तिनाथ आहे, देवाचं आहे, म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायचा विचार डोक्यात आला असेल तर मनानं घेऊ नकोस. त्या गोळ्यांनी काही जणींना रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, उंचीवर रक्त दाट होतं, पाणी कमी प्यायलं जातं, आणि तुला बीपीपण आहे. पाळी आली तर आली. पॅड्स जास्त घे, वापरलेले घट्ट झाकणाच्या डब्यात भरून खाली आण, आणि मुक्तिनाथच्या देवळातल्या १०८ धारांखाली जायचं की नाही ते तुझं तू ठरव, खिंड ओलांडून आलेल्या बाईला ते मी सांगायची गरज नाही.

आता एकटीनं जायचं म्हणजे काय. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळनं परदेशी ट्रेकरना अशा रूटवर लायसनवाला गाईड सक्तीचा केलाय. आता तुला दहा जण सांगतील की कुणी विचारत नाही गं, आम्ही गेलो तसेच. तू त्यांचं ऐकू नकोस, आणि नियमापेक्षाही वेगळ्या कारणासाठी. उंचीचा आजार मेंदूत शिरला की सगळ्यात आधी त्या माणसाची अक्कल जाते. पाय अडखळायला लागतात, बोलणं तुटक होतं, आणि त्या माणसाला स्वतःला वाटत असतं की मी मस्त आहे, जरा थकलेय एवढंच. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालून दाखव असं म्हणणारं दुसरं कुणीतरी लागतं, आणि तू अडखळलीस तर वाद न घालता रात्रीसुद्धा खाली उतरवणारं. बसल्या जागी धाप लागली, ओला खोकला सुरू झाला, तरी तेच, खाली. मनांगपर्यंत आता गाडीरस्ता आलाय, तिथवर पोचलं की जीप मिळते.

गाईड घेतला की एकटेपणा गेला असं वाटून घेऊ नकोस. ग्रुपमधे तुला काय टोचतं ते कळतंय मला, सगळ्यांच्या वेगानं चालायचं, सगळ्यांचे फोटो काढायचे, कोण रुसलं ते बघायचं, शेवटी घरचंच सगळं परत डोंगरावर करायचं. ते यात नाही. सगळे दिवस तुझ्या वेगानं, तुझ्या मर्जीनं, गप्प राहावंसं वाटलं तर गप्प. पोखऱ्यात बायका गाईड देणाऱ्या संस्था आहेत, तिथे आधीच बोलून ठेव, ऑक्टोबरला ऐनवेळी मिळत नाहीत. कागदात पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घे, विमानाला आधार चालत नाही. इन्शुरन्स घेताना साडेपाच हजार मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टर दोन्ही स्पष्ट लिहिलंय का ते वाच, आणि बीपी लपवू नकोस, नाहीतर क्लेम त्याच कारणावर उडेल.

राहिला नवरा. तू लिहिलंयस की विचारलं तर नाहीच म्हणणार, पण विचारलेलं तर दिसत नाहीये. आणि विचारूही नकोस, सांग. रविवारी सिंहगडाहून आलीस की चहा झाल्यावर नकाशा टेबलावर ठेव आणि म्हण की मी टूरचं खोटं सांगितलं कारण तुम्ही अडवाल अशी भीती वाटली, खरा प्लॅन हा आहे. तो चिडेल. चिडू दे, खोटं बोललीस त्याबद्दल चिडायचा त्याला हक्क आहे, जाण्याबद्दल नाही, आणि या दोन गोष्टी त्या भांडणात एक होऊ देऊ नकोस. त्याला काळजी असेल तर गाईडचा नंबर, रोजच्या मुक्कामाची गावं, पॉलिसीची कॉपी, आणि फोन किती दिवस लागला नाही तर कुणाला कळवायचं, एवढं एका कागदावर लिहून दे. तरीही नाहीच म्हणाला तर माझ्या मते तू जावंस, तो कागद फ्रिजवर लावून जावंस.

आणि तो 'मग मीपण येतो' म्हणाला तर, कारण पुष्कळ नवरे तिथेच येऊन थांबतात, तर खिंड तुझी एकटीची हे ठामपणे सांग आणि त्याला पोखऱ्याहून गाडीनं मुक्तिनाथला बोलाव, हवं तर सासूबाईंच्या ओळखीचं हॉटेल असेल तिथे उतरू दे. फक्त त्याला पक्की तारीख देऊ नकोस, दोन-तीन दिवस मागेपुढे धरून चल म्हण, नाहीतर फेदीला हवा खराब असताना तू त्याच्या रूम बुकिंगसाठी पहाटे चारला बूट घालून निघशील.