नत्रवायूला ‘निष्क्रिय’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: वेफर्सच्या पाकिटात भरतात तो नायट्रोजन ‘निष्क्रिय’, आणि शेतकरी ‘नत्र, स्फुरद, पालाश’ म्हणून पिकाला देतो ते नत्र म्हणजेही नायट्रोजनच. मग निष्क्रिय वस्तू पिकाच्या काय कामाची?

मूलद्रव्य एकच. पण शेतीत ‘नत्र’ म्हटलं की संयुगात अडकलेला नायट्रोजन समजायचा. युरियात तो 46 टक्के, म्हणजे 45 किलोची गोणी टाकली की शेतात साधारण 21 किलो नत्र पडतं. हवेत 78 टक्के आहे तो नत्रवायू. पिकाच्या चहूबाजूंना तोच, तरी पानांना तो घेता येत नाही.

याचं कारण बंधात आहे. नायट्रोजनचे दोन अणू इलेक्ट्रॉनांच्या तीन जोड्या सामाईक ठेवतात. हा तिहेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे 945 किलोज्यूल ऊर्जा लागते. ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाला 498 पुरते. उलट दोन नायट्रोजन अणूंमधला एकेरी बंध अगदीच लेचापेचा, 160च्या आसपास. म्हणजे निष्क्रियता आहे ती रेणूची. सुटा अणू चांगलाच क्रियाशील असतो. अमोनियापासून नायट्रिक आम्लापर्यंत कितीतरी संयुगांत तो सापडतो.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की ‘निष्क्रिय वायू’ हे नाव हेलियम, निऑन, अरगॉन यांच्यासाठीच राखावं. त्यांच्या अणूचं बाह्यतम कवचच भरलेलं असतं. नत्रवायूला ‘मंदक्रिय’ म्हणणं जास्त नेमकं. लिथियमशी तो साध्या तापमानालाही संयोग पावतो. मॅग्नेशियमची फीत हवेत जाळली की राखेत थोडं मॅग्नेशियम नायट्राइड उतरतं. त्या राखेवर पाण्याचे थेंब टाकून पाहा, अमोनियाचा वास येतो.

खताच्या कारखान्यात हाच बंध तोडायला लोखंडी उत्प्रेरक, 400 ते 500 अंश सेल्सिअस तापमान आणि दीडदोनशे वातावरणांचा दाब लागतो. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू ते काम मातीच्या तापमानात करतात! जिवंत पिकाची गाठ नखानं फोडली आणि आत गुलाबी दिसली, तर काम चालू आहे असं समजावं. या क्रियेला ‘नत्रस्थिरीकरण’ म्हणतात.

पाकिटाबद्दल लिहिताना मात्र ‘निष्क्रिय वातावरण’ हा प्रयोग चालेल. तिथल्या तापमानाला नत्रवायू तेलाशी क्रिया करत नाही, आणि तेल खवट करणारा ऑक्सिजन बाहेर राहतो.