सोसायटीत चर खणायचाय, खाली केबल किंवा गॅसची पाईप आहे का हे आधी कसं ओळखावं?

पावसाचं पाणी काढायला तुम्हाला पन्नास फूट चर घ्यायचाय, आणि कंत्राटदार म्हणतोय की जेसीबी लावला की दोन तासांत काम होईल. तो जेसीबी आधी थांबवा. मी पुण्यात बरीच वर्षं खोदाईची कामं सांभाळतोय, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतो.

एकदा आम्ही भर दुपारी लोकेटर, म्हणजे जमिनीखालची केबल शोधणारं यंत्र, फिरवला. काहीच वाजलं नाही, म्हणून खणायला घेतलं. बकेटला एक केबल लागून तुटली. जुनी, टाकाऊ असेल म्हणून पोरांनी ती कडेला सारली. संध्याकाळी टायमरवर खांबांचे दिवे चालू झाले आणि चरातल्या ओल्या मातीत ठिणग्या उडाल्या. दोन माणसं पाचच मिनिटांपूर्वी वर आली होती. ते आठवलं की आजही छातीत धस्स होतं.

यंत्राचा दोष नव्हता. साधा लोकेटर केबलमधून वाहणाऱ्या विजेची चाहूल घेतो, आणि दिव्यांची केबल दिवसा बंद असते. म्हणून ट्रान्समीटर असलेला लोकेटर मागवा. त्याचा सिग्नल केबलवर सोडून जमिनीवरून माग काढता येतो. पण ते वीजजोडणीचं काम परवानाधारक माणसानेच करावं. गॅसची पिवळी पाईप मात्र प्लास्टिकची असते, ती अशी सापडत नाही. जमिनीत रडार सोडतात, पण आपल्याकडच्या ओल्या काळ्या मातीत ते फार खोल पोचत नाही. तेव्हा गॅस कंपनीला लेखी कळवा आणि त्यांचा माणूस जागेवर उभा असतानाच खणा.

सरकारचं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप मार्च 2023 मध्ये आलं. खोदाईची जागा त्यात टाकली की तिथे लाईन असलेल्या संस्थांना कळतं. पण सोसायटीच्या आतल्या लाईनी बिल्डरने टाकलेल्या असतात, त्यांचा पत्ता बिल्डरच्या नकाशात आणि जुन्या प्लंबरच्या डोक्यातच. दोघांनाही गाठा. मीटरची खोली, पंप, चेंबर, दिव्यांचे खांब, गॅसचे व्हॉल्व कुठे आहेत ते बघा आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा फरशीवर चुन्याने मारा.

मग त्या रेषांना आडवे छोटे खड्डे हाताने घ्या. फावड्याने थर थर काढा, टिकाव किंवा पहार सरळ खाली मारू नका. मध्येच बारीक वाळू, ओळीने लावलेल्या विटा किंवा रंगीत पट्टी दिसली तर थांबा, खाली केबल किंवा पाईप असू शकते. भारतीय मानकाप्रमाणे 11 केव्हीची (11 हजार व्होल्टची) केबल 90 सेंटिमीटर, तर कमी दाबाची 75 सेंटिमीटर खोल हवी. पण पेव्हिंग ब्लॉकसाठी जमीन खरवडली असेल तर ती वीतभर खोलीवरही सापडते, मी पाहिलंय. लाईन डोळ्यांनी दिसल्याशिवाय, आणि दिसल्यावरही तिच्या अर्ध्या मीटरच्या आत, मी बकेट जाऊ देत नाही.

गॅसची पाईप फुटलीच तर माती टाकून बुजवू नका. कुठलंही बटण दाबू नका, चर सोडून वारा जिकडून येतोय तिकडे लांब जा आणि तिथून कंपनीच्या आपत्कालीन नंबरवर फोन करा. तो नंबर आधीच खिशात ठेवा.

आणि चर बुजवण्याआधी उघड्या लाईनींवर टेप धरून फोटो काढा, ते सोसायटीच्या फायलीत लावा.