दुर्मिळ पाणपक्ष्याच्या विष्ठेत फ्लूकची अंडी सापडली, तर लगेच औषध द्यावं का?

रानातला पक्षी असेल तर सहसा नाही. फ्लूक म्हणजे पर्णकृमी. तो पक्ष्याच्या अंगात अंडी घालतो, पण त्याची संख्या तिथल्या तिथे वाढत नाही. अंडी विष्ठेतून पाण्यात जातात, अळी गोगलगायीत शिरते, तिथे एकीच्या शेकडो होतात आणि बहुतेकदा मासा, बेडूकमासा किंवा चतुरामार्फत पुन्हा पक्ष्याच्या पोटात. पकडून प्राझिक्वांटेल हे कृमीवरचं औषध दिलं, तरी तो परत त्याच तळ्यावर जाणार. वर पकडण्याचा ताण वेगळाच.

पण कृमी कोणता, ते बघाच. बगळ्याच्या घशातला क्लिनोस्टोमम बहुधा निभावून जातो. प्रोस्थोगोनिमस मात्र अंडनलिकेत ठाण मांडतो, मग पक्ष्याची अंडी मऊ कवचाची, कधी बिनकवचाचीच पडतात. मोजक्या जोड्या उरलेल्या जातीला हे परवडणारं नाही.

प्रजनन केंद्रातला पक्षी असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध द्या, जिवंत मासे बंद करून नीट गोठवलेले द्या. आणि हो, फ्लूकची अंडी जड असतात, मिठाच्या द्रावणात तरंगवून शोधलीत तर बऱ्याचदा हुकतात. प्रयोगशाळेला गाळ बसवून तपासायला सांगा.