विज्ञानाच्या इतिहासाचं पुस्तक सनावळीनं लिहिलेलं घ्यावं की विषयवार?

सनावळीनं लिहिलेलंच घ्या. ती पुस्तकं रटाळ वाटतात खरी, पण विषयवार पुस्तक सगळी उत्तरं आधीच हातात देतं. मग जुनी माणसं उगाच चाचपडत होती असं वाटायला लागतं.

मी नागपुरात, महालातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. एका विज्ञान दिनाला मुलांनी जिन्याच्या भिंतीवर कार्डशीटची लांब पट्टी लावली, सनावार शोधांची. आमचे वरिष्ठ म्हणाले, "हा काय इतिहासाचा तास आहे? धड्यांप्रमाणे लावा." तेवढ्यात दहावीतली एक मुलगी पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "सर, मेंडेलीव्हची मूलद्रव्यांची सारणी १८६९ची आणि इलेक्ट्रॉन १८९७चा. मग त्यांनी सारणी मांडली कशी?"

हा प्रश्न वर्गात कधी येत नाही, कारण इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन कसे मांडलेले असतात ते, आठवीतच झालेलं असतं आणि ही आवर्तसारणी येते दहावीला. मी तिथंच जिन्यात सांगायला लागलो. मेंडेलीव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाच्या हाताशी होती फक्त अणुवस्तुमानं आणि गुणधर्म. आयोडीनचं वस्तुमान टेल्युरियमपेक्षा कमी, तरी मेंडेलीव्हनी गुणधर्म बघून त्याला टेल्युरियमच्या पुढं बसवलं. टेल्युरियमचं वस्तुमानच चुकीचं मोजलंय, असं त्यांचं म्हणणं. ते काही चुकलेलं नव्हतं. खरं कारण अणुअंक, म्हणजे अणुकेंद्रातल्या प्रोटॉनची संख्या, आणि तो १९१३ मध्ये हेन्री मोस्ले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञानं दाखवला. तोवर न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी मेंडेलीव्हनी सारणीत काही घरं रिकामी सोडली होती. त्यांपैकी एकात १८७५ मध्ये गॅलियम हा धातू येऊन बसला. शोधणाऱ्यानं घनता काढली ४.७ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. मेंडेलीव्ह म्हणाले, ५.९ असायला हवी. धातू शुद्ध करून पुन्हा मोजली, तर ५.९च निघाली! मधली सुट्टी संपली तरी पोरं हलेनात.

पट्टी दुसऱ्या दिवशी उतरवलीच. 'तारखा म्हणजे घोकंपट्टी' हे त्या वरिष्ठांचं मत मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. कोणाला काय माहीत नव्हतं, हे तारखेशिवाय कळणार कसं?

एक मात्र आहे, नुसत्या छापल्या सनावर विसंबू नका. ग्रेगोर मेंडेलचा आनुवंशिकतेवरचा निबंध १८६६ मध्ये छापून आला, पण त्याची खरी दखल घेतली गेली १९०० मध्ये. त्याला १८६६च्या पानावर बसवून पुढं गेलं, तर डार्विनच्या पिढीला आनुवंशिकतेचे नियम ठाऊक होते असा समज होतो. दुकानात पुस्तक हातात घेतलं की आधी मेंडेलचं पान काढा. तिथं १९००चा उल्लेख नसेल, तर ते घेऊ नका.