गाडीतली हत्यारं: १०८ नगांचा डबा आधी बाजूला ठेवा

तुम्ही विचारलंय की जुनी सीआरडीई थार (महिंद्राची कॉमन रेल डिझेल इंजिनाची जीप) घेतलीय, पावसाळ्यात बामणोली, चाळकेवाडी, सडावाघापूर या बाजूच्या कच्च्या वाटांनी दोनतीन मित्रांसोबत फिरायचंय, ऑनलाइन १०८ नगांचा टूलबॉक्स स्वस्तात दिसतोय, तो घ्यावा का आणि त्याशिवाय काय लागेल.

तो घेऊ नका. मी घेतला होता. १०८ पैकी साठएक नग स्क्रू ड्रायव्हरचे बिट असतात, राहिलेल्यातल्या निम्म्या गोट्या, म्हणजे नटावर बसणारे सॉकेट, तुमच्या गाडीच्या एकाही नटाला बसत नाहीत, आणि रॅचेटचे (गोटी फिरवायच्या दांड्याचे) दात असे की जरा जोर दिला की कट्‌कन घसरून बोटं चॅसीवर आपटतात. माझा डबा आता सायकली दुरुस्त करायला पोरांकडे आहे.

हत्यारं यादी बघून जमत नाहीत, गाडीखाली झोपून जमतात. एक रविवार काढा. गाडी सपाट जागेवर लावा, बाजूला ताडपत्री पसरा आणि आत्ता जी काही हत्यारं असतील तीच तिच्यावर मांडा. मग एकेक काम करा: चारही चाकं काढून बसवा, बॅटरी सोडवा, एअर फिल्टर काढा, फॅन बेल्ट ढिला करून परत ताणा, पाट्यांचे (चाकावरच्या स्प्रिंगांचे) यू बोल्ट आवळून बघा, प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाचा जोर ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, बोल्टला पाना घालून बघा. ज्या ज्या वेळी उठून घरात किंवा शेजारच्या गॅरेजात जावं लागेल, त्या वेळी काय आणायला गेलात ते भिंतीवर खडूने लिहा. संध्याकाळी भिंतीवर जे उरेल ते बाजारातून आणा. माझ्या भिंतीवर सगळ्यात वर काय होतं माहितीये? गुडघ्याखाली घालायला पोतं.

आता गोट्यांचं. मुख्य सेट अर्धा इंची ड्राइव्हचा घ्या, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला चार सुती म्हणतात तो. अडचणीच्या जागेसाठी तीन सुतीचा छोटा रॅचेट जोडीला. थारला सगळं मिलिमीटरमध्ये आहे, त्यामुळे ८, १०, १२, १३, १४, १७, १९, २२ एवढ्यात बहुतेक गाडी उघडते; चाकाच्या नटाचं आणि यू बोल्टचं माप मात्र स्वतः लावून बघा, कारण आधीच्या मालकाने काय बदललंय ते तुम्हाला ठाऊक नसतं. गोट्या सहा पॉइंटच्याच, म्हणजे आतून सहा कोपऱ्यांच्याच, मागा. बारा पॉइंटची गोटी नटावर पटकन बसते, पण गंजलेल्या नटाचे कोपरे ती खाते, आणि महाबळेश्वर-कोयनेच्या पावसात दोन वर्षं फिरलेल्या गाडीखाली न गंजलेला नट शोधावा लागतो. याच मापांचे रिंग पाने आणि फिक्स पाने, दोन्ही हवेत, कारण एका हाताने बोल्टचं डोकं धरायचं आणि दुसऱ्याने नट फिरवायचा असतो. टपारियासारखी नाशकात बनणारी साधी हत्यारं या कामाला पुरेशी आहेत. चकाकी बघून परदेशी घेण्याची गरज नाही. तुमच्यासोबत जुनी विलिज वंशाची (मूळ अमेरिकन जीपच्या घराण्यातली) जीप असेल तर इंची पाने वेगळे लागतील, आणि तिच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असू शकतात. हे माहीत नसलेले दोन जाडजूड पैलवान मी ठोसेघरच्या फाट्यावर एक स्टड तोडताना पाहिलेत.

चाकाच्या नटावरून आठवलं. काही वर्षांपूर्वी एका टायरवाल्याकडे टायर बदलले. त्याने हवेच्या गनने नट आवळले, मी चहा पीत होतो. आठवड्याने चाळकेवाडीच्या पुढे, पवनचक्क्यांच्या रस्त्यावर, मागचं चाक बसलं. कंपनीचा एल आकाराचा पाना लावला, वर उभा राहिलो, उड्या मारल्या, पाना वाकला, नट जागचा हलला नाही. धुकं असं की गाडीच्या बॉनेटपुढचं दिसत नव्हतं. शेवटी दीड तासाने एक डंपर आला आणि त्याच्या क्लीनरकडच्या लांब पाईपने काम झालं. तेव्हापासून माझ्या गाडीत दोन फुटी ब्रेकर बार (गोटी लावायचा लांब दांडा) आहे आणि त्यावर बसणारा अडीच फुटी जीआय पाईप. त्याहून महत्त्वाचं, टायरवाल्याकडून घरी आलो की सगळे नट ढिले करून हाताने पुन्हा आवळतो. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच नट आवळणारा पाना) असेल तर उत्तम, पण तो घरी ठेवा. नट सोडवायला तो वापरला की त्याचं माप बिघडतं.

आपल्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारांवर, सगळ्यात जास्त त्रास टायरचा. जांभ्याची धार उन्हात साधी दिसते, पण ओल्या वाटेत चाक घसरून कडेला घासलं की टायरची बाजू चिरते. तुमच्या पंक्चर किटमधली चिकट दोरी फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागात चालते. बाजूच्या चिरेला दोरी घालून घाट उतरायचा विचार करू नका, स्टेपनीच लावा. म्हणून स्टेपनी त्याच मापाची, हवा भरलेली आणि खरोखर खाली निघणारी असावी. निम्म्या लोकांची मागच्या दारावर गंजून बसलेली असते. सोबत हवेचा मीटर, पक्कड आणि बॅटरीला थेट चिमटे लावता येतात असा कॉम्प्रेसर. लायटरच्या भोकात घालायचा छोटा पंप स्कूटरला ठीक, थारच्या चाकाला तो दमतो किंवा फ्यूज उडवतो. चिखलात आणि दगडात हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली की गाडी पकड घेते, पण डांबरावर परत यायच्या आधी ती भरायला लागते. नाहीतर वळणावर टायर रिममधून सुटतो.

जॅक बॉटलचा, पण एकटा नाही. चिखलात तो सरळ खाली जातो. खाली घालायला फूटभर बाय फूटभर जाड प्लायचा तुकडा आणि वर उंची कमी पडली तर एक सागवानी ठोकळा, दोन्ही सुताराकडे उरलेल्या मालात मिळतात. मागचा ॲक्सल सलग आहे, तेव्हा चाकाजवळ ॲक्सलखालीच लावा. चॅसीखाली लावलात तर पाटे लोंबतात आणि चाक उचलायला दुप्पट उंची लागते. हायलिफ्ट जॅक, म्हणजे उंच दांड्यावर चढणारा जॅक, व्हिडिओत छान दिसतो. नवख्या माणसाच्या हातात तो जबडे फोडायचं यंत्र आहे, एवढंच म्हणतो.

थोडं पाण्याचं आणि विजेचं. रेडिएटरचा होज फुटला तर झाकणाला हात लावायचा नाही, अर्धा-पाऊण तास थांबायचं, होज पुसून कोरडा करायचा, सिलिकॉनची स्वतःला चिकटणारी टेप ताणून गुंडाळायची, दोन्ही टोकांना स्क्रूच्या क्लिपा. पाणी भरून झाकण पूर्ण न आवळता हळू चालवलं की दाब बसत नाही आणि टेप टिकते. पाच लिटर पाण्याचा कॅन यासाठीच, प्यायचा वेगळा. वायरिंगसाठी टेस्ट लॅम्प, त्याच ॲम्पिअरचे फ्यूज, एखादी जास्तीची रिले, दोन मीटर जाड वायर, इन्सुलेशन टेप. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घालणारे पूर्वी भेटायचे, त्यांच्यापैकी एकाची गाडी जळालेली मी बघितली आहे. जंपर केबल वजनाने जड असेल तीच घ्या, बारीक तारेची केबल फक्त गरम होते. जुन्या पंपाच्या डिझेलला धक्का मारून चालू करता येतं. तुमच्या सीआरडीईची बॅटरी पूर्ण बसली असेल तर कॉम्प्युटरच जागा होत नाही, मग धक्क्याचा उपयोग नाही.

डिझेलमध्ये हवा धरली तर फिल्टरजवळचा हातपंप मारून ती काढता येते, हे शिकून घ्या. पण इंजेक्टरकडे जाणारे लोखंडी पाईप चालू इंजिनवर ढिले करू नका. जुन्या मेजरवर (महिंद्राच्या जुन्या डिझेल जीपवर) मिस्त्री तसं करताना तुम्ही पाहिलं असेल. तुमच्या गाडीत त्या पाईपांमध्ये हजार बारच्या वर दाब असतो, बारीक धार हातात घुसते आणि हॉस्पिटल सातारला, खाली.

फोर बाय फोरचा एक मोठा फायदा कोणी सांगत नाही. सडावाघापूरकडून पाटणला उतरताना माझ्या मागच्या प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (टोकाचा सांधा) खडखडायला लागला, दोन वळणांनी तुटायच्या बेताला आला. मागचा शाफ्ट चार-चार बोल्ट काढून उतरवला, गाडीत टाकला, फोर-हाय (चारही चाकांना जोर देणारा गिअर) घातलं आणि पुढच्या चाकांवर पाटणला आलो. यासाठी फक्त एक पातळ रिंग पाना लागतो, कारण तिथे गोटी बसत नाही. म्हणूनच वर म्हटलं, शाफ्टला पाना घालून बघा. आणि शाफ्ट काढायच्या आधी चाकांना दगड लावा. काही जुन्या जिपांचा हँडब्रेक शाफ्टवरच असतो, तो शाफ्टबरोबर जातो. तुमच्याही गाडीत शाफ्ट उतरवल्यावर गिअरमध्ये ठेवून ती उभी राहील असं समजू नका.

ब्रेकचा पाईप फुटला तर काय, असं कोणीतरी विचारेलच. लॉकिंग पक्कडीने त्या चाकाचा होज दाबून सपाट रस्त्यावर हळूहळू गाव गाठता येतं. यवतेश्वरचा घाट तसा उतरायचा नाही. तिथे टोचनवालाच बोलवा, पैसे जाऊ द्या.

ओढायचा दोर तुमचा हवा, ट्रॅक्टरवाल्याचा नाही. त्याच्याकडे बहुतेक वेळा उसाच्या ट्रॉलीची वायर असते आणि ती तुटली तर काचेतून आत येते. दोन पाऊण इंची शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या), ज्यांच्यावर ४.७५ टन ठोकलेलं असतं ते, आणि चॅसीला बोल्टने बसवलेला हूक. दोरावर मधोमध जाड पोतं किंवा घोंगडं टाका, आणि बघ्यांना लांब करा. आपल्याकडे ते सर्वांत अवघड काम आहे.

हे सगळं ठेवायचं कशात? प्लास्टिकच्या साच्याच्या डब्यात एक पाना त्याच्या खाचेत परत बसवायला अंधारात दहा मिनिटं जातात. सीट कव्हर शिवणाऱ्याकडून जाड ताडपत्रीची गुंडाळी शिवून घ्या, कप्पे तुमच्या पान्यांच्या मापाचे. उलगडली की रिकामा कप्पा लगेच दिसतो, म्हणजे चिखलात पाना विसरत नाही. जड वस्तू लोखंडी पेटीत, आणि ती पेटी पट्ट्याने चॅसीला जखडलेली. गाडी कलंडली तर पंधरा किलोची पेटी डोक्यावर येते. बारीक वस्तूंचा एक डबा: नट, वॉशर, बांधकामाची तार, एमसील, झिप टाय, जुन्या ट्यूबचे कापलेले रबर. डोक्याला बांधायची बॅटरी विसरू नका, हात मोकळे लागतात.

एक गोष्ट हत्यारांबाहेरची. ही सगळी तयारी म्हणजे कासच्या पठारावर गाडी घालायचा परवाना नाही. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ साली ते पठार आलं, तिथल्या मातीचा थर बोटभरसुद्धा नाही, आणि एका चाकाची खूण पुढच्या कित्येक फुलोऱ्यांना पुरते. कोयना अभयारण्याच्या हद्दीतही वनखात्याची परवानगी घेऊनच. वाटांवर राहा, वाटा पुरेशा खराब आहेत.

भिंतीवर खडूने लिहायचा तो रविवार मात्र मे महिन्यातच काढा. आषाढात तिकडे भाताची चिखलणी चालू असते, आणि त्या दिवसांत तुम्ही रुतलात तर ट्रॅक्टरवाला आधी स्वतःचं खाचर पुरं करतो, मग तुमच्याकडे येतो.