गाडी उघडी, डिझाइन अर्धं

प्रश्न : काका, नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहतो. चादरी-टॉवेलच्या कारखान्यांना जेकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाइनं करून देतो. काम घरूनच, त्यामुळे कारखानदाराच्या फोनला काळवेळ नाही. 'सकाळी पार्टी येतेय, रात्रीत चार रंगांत काढून ठेव' हे नेहमीचंच. खाली गॅरेजमध्ये वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे. दिवाळीत तिच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं, ते अजून उतरलेलंच आहे. डिझाइन अडलं की खाली जातो, खाली रमलो की डिझाइन राहतं. बायकोची स्कूटर बाहेर उन्हात उभी असते. ती गाडीला 'माझी सवत' म्हणते. आधी हसून म्हणायची, आता हसत नाही. मित्र म्हणतात, विकून टाक. दोन्ही सांभाळायचं कसं?
— जेकार्डवाला, जुळे सोलापूर

उत्तर : विकायचा विषय आधी मिटवू. हेड उतरवलेली गाडी बघायला येणारा माणूस भंगाराच्याच भावाने बोलतो. विकायची असली तरी आधी चालू करावी लागेल, ठेवायची असली तरीही. तेव्हा हेड बसवा, मग काय ते ठरवा.

मीही आयुष्यभर हाच धंदा केला. आमच्या वेळी ग्राफपेपरवर ब्रशने एकेक चौकोन भरायचा, मग त्यावरून मागासाठी पुठ्ठ्याची कार्डं पंच व्हायची. संगणक आला, पण कारखानदार तोच राहिला. 'छान आहे, पण जरा उठाव येत नाही' असं म्हणतो. उठाव म्हणजे काय हे त्यालाही सांगता येत नाही आणि तुमची रात्र जाते. अशा माणसाला गाडी का आवडते, हे मला कुणी समजावून सांगायला नको. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरलाही थोडी कमी ठेवायची असते. फट मोजायची फिलर गेजची पाती त्यात घालायची. हलकी घासून गेली तर बरोबर, सैल गेली तर चूक. तिथे कुणाची पसंती लागत नाही, पार्टीचा फोन यावा लागत नाही.

छंदामुळे नवनव्या कल्पना सुचतात असं लोक सांगतात. मला तरी बॉनेटखाली आजवर एकही बॉर्डर सुचलेली नाही, आणि सुचायला नकोच. डिझाइन अडलंय म्हणून पाना हातात घेतलात तर डोकं वर टेबलावरच राहतं आणि बोल्टचे आटे जातात. खाली जायचं ते काम पाठवून झाल्यावर, किंवा आज हातच लावायचा नाही असं ठरल्यावर. कारखान्यातून पहिला नमुना येऊन तो पास होईपर्यंत मी गॅरेजचं शटर उघडत नसे. त्या दिवसांत कारखानदाराचा फोन केव्हाही येतो, आणि ग्रीसच्या हाताने तो उचलला की दोन्ही कामं बिघडतात.

तुमची खरी पंचाईत तासांची वाटत नाही. अर्धवट डिझाइन रात्री सोडून झोपलं तर बिघडत नाही. सकाळी ताज्या डोळ्यांनी रिपीट, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी नक्षी, कुठे तुटतोय ते उलट लवकर दिसतं. इंजिन मात्र अर्धवट सोडलं की गंजतं. आपल्याकडची धूळ तर विचारूच नका. म्हणून आज संध्याकाळी एवढंच करा : चारही सिलिंडरमध्ये थोडं थोडं इंजिन ऑइल सोडा आणि वरून स्वच्छ कापड पक्कं बांधा. व्हॉल्व्ह उघडणारे आठ पुशरॉड ज्या जागेवरून निघाले त्याच जागी परत गेले पाहिजेत, म्हणून पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा. भोकं पाडलेला पुठ्ठा आपल्या धंद्याला काही नवा नाही.

मग हेड मशीन शॉपमध्ये देऊन सपाट आहे का बघून घ्या, लागलं तर फेसिंग करा, म्हणजे घासून सपाट करून घ्या. गॅस्केट नवीनच घाला. नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे, टॉर्क रेंचने, अंदाजाने नाही. टॅपेटची फट लावून घ्या. प्लगच्या वायरी काढल्या असतील तर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरना ठिणगी मिळायचा क्रम, १-३-४-२ लक्षात ठेवा. हे सगळं दोन सुट्टीच्या दिवसांत होतं, फक्त पार्ट आधी हातात हवेत. पुढे हाच नियम धरा. पार्ट घरात आल्याशिवाय नट सोडायचा नाही. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्स्या धावत होत्या तोवर सुट्या भागांना गिऱ्हाईक होतं. शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये थांबली. आता पेट्रोल पंपाच्या एका डायफ्रामसाठी, म्हणजे आतल्या पडद्यासाठी, चार जणांना फोन करावे लागतात, आणि तोवर गाडी उघडी पडते.

दुसरं, एका बैठकीत जे परत बसवता येत नाही ते मधल्या वारी उघडायचं नाही. प्लग, पॉइंट, एका चाकाचे ब्रेक शू ही जेवणाआधीची कामं. क्लच, गिअरबॉक्स असलं काही असेल तर मोकळा आठवडा बघा. असा आठवडा आपल्या धंद्यात कधी येतो हे तुम्हाला ठाऊक आहे. जानेवारीत फ्रँकफर्टला हाइमटेक्सटिल हे घरगुती कापडाचं प्रदर्शन भरतं, टॉवेलवाल्यांची सॅम्पलं त्याच्या आधी पळत असतात. थंडीच्या आधी चादरीची घाई. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर हेड उतरवणं हा मुहूर्तच वाईट होता. संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा, म्हणजे आपला गड्डा, उठल्यापासून होळीपर्यंतचे दिवस गॅरेजचे. त्यानंतर पत्र्याखाली दिवसा उभं राहवत नाही, पाना उचलला तर हात भाजतो.

रात्री काम करणार असाल तर दोन गोष्टी घरातल्यांच्या कानावर घालून ठेवा. जॅक गाडी उचलायला असतो, तोलून धरायला नाही. खाली शिरायचं तर मजबूत स्टँड लावूनच. आणि शटर खाली असताना इंजिन चालू करायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस नुसता पेंगतो. रात्रभर संगणकापुढे बसून पहाटे गाडीखाली जाणाऱ्याला तर पेंग कशाची आलीय हेही कळणार नाही. तेव्हा जाऊच नका.

हाताचंही सांगतो, कारण पांढऱ्या टॉवेलच्या सॅम्पलवर काळा अंगठा उमटला की ते सॅम्पल गेलं. सुरुवात करण्याआधी साबणाच्या वडीवर नखं ओढा, नखांत साबण भरला की ग्रीस शिरत नाही. हाताला खोबरेल तेल चोळा. नंतर धुताना निम्मे कष्ट वाचतात.

आता सवतीचं. वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचे, १९४४ साली त्यांनीच प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, म्हणजे ही गाडी एका अर्थी आपली माहेरवाशीणच, असं सांगून बघा. उपयोग होणार नाही. सूनबाईंची तक्रार गाडीबद्दल नाहीच, जागेबद्दल आहे. तापलेल्या सीटवर रोज बसायचं त्यांनी आणि सावलीत कोण, तर न चालणारी गाडी! आजच पार्ट भिंतीच्या फळीवर चढवा आणि शटरजवळची जागा स्कूटरला द्या, हेड बसायची वाट न बघता. पैशाचंही तसंच. डिझाइनच्या पैशातून गाडीसाठी महिन्याला किती, हे दोघांनी मिळून ठरवा आणि ती रक्कम वेगळी ठेवा. त्याबाहेरची क्रोमची पट्टी कितीही मनात भरली तरी पुढच्या महिन्यात.

गाडी चालू झाली की पहिल्या फेरीला दोघं तुळजापूरला जाऊन या, पण उन्हाच्या आत. घाटात इंजिन तापलं की पंपात पेट्रोलची वाफ धरते आणि गाडी बंद पडते. ओलं फडकं आणि पाण्याची बाटली बरोबर असू द्या. फडकं पंपावर ठेवून थोडं थांबलं की चालू होते. तोवर घरच्यांशी काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

प्रश्न : माझ्याकडे १९६८ची फियाट ११०० आहे. 'व्हीए' अक्षरांचा व्हिंटेज गाड्यांचा नंबर घेऊ का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : बाजारात, लग्नाकार्याला न्यायची असेल तर घेऊ नका. २०२१च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला तो मिळतो. नव्याने नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण मग गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. रोजची फिरवायची तर साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी वाढवत राहा.

प्रश्न : कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुतीला हल्लीचं इथेनॉलचं पेट्रोल चालतं का?
— एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : गाडी चालते, रबर टिकत नाही. पेट्रोलचे जुने पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्ब्युरेटरची पॅकिंगं मऊ पडतात किंवा तडकतात. इथेनॉलला चालणारे नवे पाइप घालून घ्या. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून टाकीत पेट्रोल महिनोन् महिने साठवून गाडी उभी ठेवू नका. पेट्रोलचा वास आला तर इंजिन बंद करा, दार उघडून आधी वास जाऊ द्या, मग गळती शोधा. शोधायला टॉर्च घ्या. काडी ओढून बघणारे महाभाग मी पाहिलेत.