चार बाय चार मायमोमध्ये एमएल डिटेक्शनचा गणनभार कसा कमी करावा?

प्रबंधाच्या कामातली तुमची अडचण थोडक्यात अशी आहे: मायमो म्हणजे अनेक अँटेनांची रचना, तुमच्याकडे चार ट्रान्समिट आणि चार रिसीव्ह अँटेना, ६४-क्वाम (प्रत्येक सिम्बॉलच्या ६४ शक्य किमती), एमएल डिटेक्शनचे (सर्व शक्यतांतून सर्वांत संभाव्य उत्तर निवडण्याचे) सिम्युलेशन रात्रभर चालवूनही बिटचुकांच्या आलेखावरचा एक बिंदू पुरा होत नाही, आणि एमएमएसई (सरासरी वर्गचूक कमीत कमी ठेवणारा रेषीय डिटेक्टर) लावले की वेळ वाचतो पण बिटचुका खूप वाढतात. यांच्यामधला मार्ग तुम्हाला हवा आहे. मीही नागपुरातच रिसीव्हरच्या बेसबँडवर (मूळ सिग्नलवरच्या डिजिटल प्रक्रियेवर) काम करतो आणि हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भार नेमका किती आहे ते पाहू. प्रत्येक अँटेनावर ६४ शक्यता धरल्या तर चार अँटेनांच्या मिळून १,६७,७७,२१६ जोडण्या होतात, आणि एमएल त्यांतली प्रत्येक जोडणी तपासते. २० मेगाहर्ट्झच्या एलटीईमध्ये (४जीमध्ये) १२०० सबकॅरिअर (समांतर उपवाहक) आणि दर मिलिसेकंदाला १४ ओएफडीएम सिम्बॉल (सर्व उपवाहकांवर एकाच वेळी जाणारे संच) असतात. म्हणजे पायलट (चॅनेल मोजण्यासाठीचे ठरावीक सिम्बॉल) वगळण्यापूर्वी सेकंदाला सुमारे १.६८ कोटी वेळा हाच शोध करावा लागेल. हा गुणाकार २८० लाख कोटींच्या घरात जातो, त्यामुळे संगणक बदलून हा प्रश्न सुटणारा नाही. दुसरीकडे एमएमएसईच्या चुका का वाढतात, तेही समजून घ्या. चार बाय चार रचनेत, ६४-क्वामसारख्या उच्च दराला, रेषीय डिटेक्टरला डायव्हर्सिटी (सिग्नल सुधारल्यावर चुका किती झपाट्याने घटतात त्याचा घातांक) जवळपास १ मिळते, तर एमएलला ४ मिळते. म्हणून एसएनआर (सिग्नल आणि नॉइज यांचे गुणोत्तर) वाढवला तरी दोन आलेखांमधले अंतर कमी होत नाही, उलट रुंदावत जाते.

माझे ठाम मत असे की, अचूकता सोडण्याआधी फुकट वाचणारे गणन शोधावे, आणि ते पुष्कळ असते. चॅनेल मॅट्रिक्सचे (कोणत्या अँटेनाचा सिग्नल कुठे किती पोचतो त्या तक्त्याचे) क्यूआर विघटन करा, म्हणजे क्यू आणि त्रिकोणी आर अशा दोन मॅट्रिक्सच्या गुणाकारात मांडा. क्यू ही युनिटरी मॅट्रिक्स असल्याने तिच्या गुणाकाराने अंतरे बदलत नाहीत, त्यामुळे एमएलचे उत्तर तसेच राहते. पण समीकरणे त्रिकोणी होतात, म्हणजे सर्वांत खालच्या ओळीत एकच सिम्बॉल, तिच्या वरच्या ओळीत दोन, असे. आता दोन बाय दोनचे उदाहरण घ्या. दुसऱ्या सिम्बॉलची एक किंमत गृहीत धरली की वरच्या ओळीतून तिचा वाटा वजा करता येतो, आणि पहिल्या सिम्बॉलसाठी उरलेला आकडा कर्णावरच्या संख्येने भागला की उत्तर समोरच असते. सिम्बॉल ही संमिश्र संख्या असते; समजा भागाकाराचा वास्तव भाग २.६ आला. ६४-क्वामच्या एका अक्षावर −७ ते ७ मधले आठ विषम अंक असतात. त्यांतला सर्वांत जवळचा ३ आहे, हे कळायला आठही अंतरे काढावी लागत नाहीत, नुसते पूर्णांकन पुरते. अशा रीतीने ४०९६ जोड्यांऐवजी ६४ तपासूनही तंतोतंत एमएलचेच उत्तर मिळते. चार बाय चारमध्ये हीच युक्ती १.६८ कोटींचे २,६२,१४४ करते. हे अजूनही पुष्कळ आहे, पण इथपर्यंत एकाही बिटाची किंमत मोजावी लागलेली नाही.

याच्या पुढची पायरी स्फिअर डिकोडरची. फिंके आणि पोस्ट यांनी १९८५ मध्ये मांडलेली शोधपद्धत व्हिटेर्बो आणि बूट्रोस यांनी १९९९ मध्ये फेडिंग चॅनेलसाठी वापरली. तिचे मर्म नागपूरच्या इतवारी बाजारातल्या गल्ल्यांवरून सांगता येईल. दुकानापर्यंतचा २५० पावलांचा एक रस्ता तुम्हाला आधीच सापडला आहे आणि दुसऱ्या गल्लीत तुमची ३०० पावले चालून झाली आहेत. मग ती गल्ली पुढे कुठे निघते हे पाहण्याचे कारणच उरत नाही, कारण चाललेली पावले कमी होत नसतात. त्रिकोणी रचनेत खालून वर एकेक सिम्बॉल ठरवत जाताना (प्रत्येक ओळ एक थर, प्रत्येक निवड एक फांदी) प्रत्येक थर अंतरात काही ना काही भरच घालतो, कधी वजा करत नाही. म्हणून अर्धवट अंतर आजवरच्या सर्वोत्तम उत्तरापेक्षा मोठे झाले की त्या फांदीखालचा सगळा भाग सोडून देता येतो. प्रत्येक थरावर जवळचा बिंदू आधी तपासण्याचा श्नॉर–ऑयक्नर क्रम ठेवा, म्हणजे चांगले उत्तर लवकर हाती येते आणि छाटणी जोरात होते.

तरीही हा सर्वांवरचा उपाय नाही. नॉइज जास्त असला की छाटणी उशिरा होते आणि वेळ कसाही वाढतो. शिवाय एसएनआर स्थिर ठेवून अँटेना वाढवत नेल्या तर सरासरी गणनही घातांकीच वाढते, हे याल्डेन आणि ओटरस्टेन यांनी २००५ मध्ये दाखवले आहे. सिम्युलेशनमध्ये हे चालून जाते, पण एफपीजीएवर (प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपवर) पुढचा सिम्बॉल वाट पाहत थांबत नाही. तिथे के-बेस्ट बरे: प्रत्येक थरावर सर्वोत्तम के फांद्याच ठेवायच्या. वास्तव स्वरूपात, म्हणजे प्रत्येक सिम्बॉलचे वास्तव आणि काल्पनिक भाग वेगळे केले तर, तुमचे आठ थर होतील आणि प्रत्येकात आठ पर्याय असतील. के = १० धरल्यास पहिल्या थरावर ८, दुसऱ्यावर ६४ आणि उरलेल्या सहांवर प्रत्येकी ८०, म्हणजे एकूण ५५२ अर्धवट अंतरे काढावी लागतील, तीही प्रत्येक वेळी तेवढीच. उत्तर एमएलचेच येईल याची हमी मात्र इथे संपते.

के-बेस्टचा दर्जा थरांच्या क्रमावर फार अवलंबून असतो. ज्या थराचा निर्णय आधी होतो तो सर्वांत भक्कम हवा, कारण तिथे एकदा छाटलेली बरोबर फांदी परत मिळत नाही. त्यासाठी सॉर्टेड क्यूआर (थरांचा क्रम लावून केलेले क्यूआर विघटन) वापरा. गंमत अशी की, बार्बेरो आणि थॉम्पसन यांच्या २००८ मधील फिक्स्ड-कॉम्प्लेक्सिटी स्फिअर डिकोडरमध्ये याच्या उलट, सर्वांत कमकुवत थर सुरुवातीला घेतात. तिथे पहिल्या थरावर ६४ही पर्याय जिवंत ठेवले जातात, त्यामुळे कमकुवत थराची चूक होण्याची संधीच राहत नाही. ही दोन तत्त्वे एकमेकांत मिसळली की निकाल बिघडतात आणि कारण लवकर सापडत नाही.

आता माझ्या स्वतःच्या एका चुकीबद्दल. स्फिअरची त्रिज्या (छाटणीची सुरुवातीची अंतरमर्यादा) कशी निवडावी यावर मी कितीतरी दिवस घालवले, आणि नंतर लक्षात आले की चॅनेलचा अंदाज मिलिसेकंदातून एकदाच बदलत असताना माझा कोड त्या मिलिसेकंदातल्या चौदाही सिम्बॉलसाठी क्यूआर नव्याने काढत होता. म्हणून चॅनेल बदलल्यावर होणारे गणन आणि प्रत्येक सिम्बॉलला होणारे गणन यांचे हिशेब तुम्ही पहिल्या दिवसापासून वेगवेगळे मांडा. प्रबंधातही ते वेगळे दाखवलेत तर परीक्षकाला तुमचे काम स्पष्ट दिसेल.

पुढे मॅसिव्ह मायमोकडे (बेस स्टेशनवर फार मोठ्या संख्येने अँटेना असलेल्या रचनेकडे) वळायचे असेल, तर बेस स्टेशनवर ६४ किंवा १२८ अँटेना आणि मोजकेच वापरकर्ते असताना चॅनेलचे स्तंभ जवळपास लंबरूप होतात आणि एमएमएसईच पुरेसे ठरते. तिथे खर्च मॅट्रिक्सच्या व्यस्तात जातो. न्यूमन श्रेणीची (व्यस्ताचा अंदाज देणाऱ्या श्रेणीची) तीन किंवा अधिक पदे घेतली तर फारसे काही वाचत नाही, त्यापेक्षा कॉन्जुगेट ग्रेडियंट (व्यस्त न काढता टप्प्याटप्प्याने समीकरणे सोडवण्याची पद्धत) आधी करून पाहा.

शेवटी, तुमच्या साखळीत टर्बो किंवा एलडीपीसी (चुका दुरुस्त करणाऱ्या कोडांचा) डिकोडर असेल तर त्याला प्रत्येक बिटाचा एलएलआर (तो ० की १ याच्या खात्रीचा आकडा) लागेल. के-बेस्टच्या यादीत एखाद्या बिटाची ० किंवा १ ही बाजू एकाही उमेदवारात नसेल, तर त्याचा एलएलआर अनंत धरू नका. त्याला एक ठरावीक मर्यादा घाला, आणि ती मर्यादा वेगवेगळ्या एसएनआरवर बदलून बीएलईआर (चुकलेल्या ब्लॉकांचे प्रमाण) मोजा.